पाव गोळीचा हिशेब

मधुमेहाच्या पेशंटच्या हातात आम्ही डॉक्टर इन्सुलिनचं पेन देतो. साखर घरी तपासायला सांगतो, जेवण कमी-जास्त झालं तर दोन युनिट इकडे-तिकडे कसे करायचे ते शिकवतो आणि घरी पाठवतो. इन्सुलिनचा चुकीचा डोस काही तासांत माणसाला बेशुद्ध करू शकतो, हे माहीत असूनही. पण हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटने फोन करून नुसतं विचारलं, "डॉक्टर, आयएनआर एक पॉइंट आठ आलाय, पाव गोळी वाढवू का?", तर आमच्या कपाळाला आठी पडते. वास्तविक रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळीत चूक झाली तर तिचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. चूक लक्षात आली तर सावरायला वेळ असतो. तरीही विश्वास पहिल्यावर टाकला जातो, दुसऱ्यावर नाही.

याचं कारण वैद्यकशास्त्रात कमी आणि सवयीत जास्त आहे. मधुमेह घरोघरी आहे. डॉक्टरांच्या स्वतःच्या घरातही आहे. व्हॉल्व्हचे पेशंट मात्र विखुरलेले, बरेचसे खेड्यातले, बरेचसे तरुण आणि बहुतेक हातावर पोट असलेले. त्यांना काही शिकवायचं म्हटलं तर ओपीडीत वेळ नसतो, आणि घरी न्यायला द्यावं असं मराठीतलं पुस्तक माझ्या हाताशी नव्हतं. ते आता या पुस्तकाच्या रूपाने आलं आहे. लेखिका शाळेत शिकवतात आणि स्वतः या गोळीवर आहेत. दोन्ही गोष्टी पानोपानी जाणवतात, एक मांडणीत आणि दुसरी भीती न घालण्यात.

या गोळीचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. १९२०च्या दशकात कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली किंवा खच्ची केलं की जखम वाहतच राहायची. फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातल्या पशुवैद्याने कारण शोधलं : बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन हिमवादळातून मॅडिसनला विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढची सहा वर्षं खर्ची घालून चाऱ्यातलं ते द्रव्य १९३९मध्ये वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला. माणसांसाठी मान्यता १९५४ची, आणि १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच देण्यात आलं.

एवढी जुनी गोष्ट इथे सांगण्याचं कारण व्यवहारातलं आहे. पेशंटच्या मुलाने मोबाईलवर पाहिलेलं असतं, "बाबा, हे तर उंदराचं औषध आहे", आणि चार दिवस गोळी बंद होते. लेखिकेने ही गोष्ट लपवली नाही, पहिल्याच प्रकरणात सांगून टाकली. हे उत्तम केलं. उंदराला मारतो तो डोस आणि माणसाला वाचवतो तो डोस यांत फरक मोजमापाचा आहे, आणि हे सबंध पुस्तक त्या मोजमापाचं आहे.

आपल्याकडे वॉरफेरिनपेक्षा असिनोकुमारॉल अधिक लिहिलं जातं. दोघांचं काम एकच. यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं, त्यासाठी त्याला 'के' जीवनसत्त्व लागतं, आणि गोळी त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवते. नवे घटक कमी बनू लागतात, पण आधी बनलेले रक्तात फिरतच असतात. त्यातला एक सहा तासांत निम्मा होतो, दुसऱ्याला अडीच दिवस लागतात. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा पुरता परिणाम आजच्या रिपोर्टात नसतो. सोमवारी रिपोर्ट कमी आला म्हणून गोळी वाढवली, बुधवारी पुन्हा तपासलं, अजून कमीच म्हणून आणखी वाढवली, तर रविवारी हिरड्यांतून रक्त येतं. घरी डोस सांभाळणाऱ्याने पहिला शिकायचा गुण म्हणजे हात आवरणं.

दुसरा गुण आठवड्याची बेरीज करण्याचा. रोज दोन मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला चौदा. एखाद्या वारी दोनऐवजी तीन घेतली तर बेरीज पंधरा, म्हणजे सात टक्के वाढ. रोजच तीन केली तर एकवीस, म्हणजे पन्नास टक्के. पेशंटला दोन्ही गोष्टी "एक गोळी वाढवली" अशाच वाटतात. बदल करायचा तो बहुधा आठवड्याच्या बेरजेत पाच ते वीस टक्क्यांच्या आत, आणि मग थांबायचं. लेखिकेने याची गणितं सातवीच्या पुस्तकासारखी सोडवून दाखवली आहेत, वारांचे रकाने पाडून. डॉक्टरांनीही ते प्रकरण वाचायला हरकत नाही.

आता आयएनआरविषयी. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजण्याची चाचणी आर्मंड क्विक यांनी १९३५मध्ये दिली. पण चाचणीत वापरायचं रसायन प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे यायचे. १९८३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांना एका मापावर आणणारी पद्धत घालून दिली, तो आयएनआर. निरोगी माणसाचा एकच्या आसपास असतो. महाधमनीच्या व्हॉल्व्हच्या जागी धातूचा असेल तर साधारण दोन ते तीन, मायट्रलच्या जागी असेल तर अडीच ते साडेतीन असा ठेवतात. तुमचा नेमका किती, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. एक बारीक गोष्ट मात्र पेशंटनेही पाहावी. निळ्या टोपणाच्या नळीत आधीच द्रव असतो आणि त्यात खुणेपर्यंत रक्त भरावं लागतं. शीर सापडली नाही म्हणून नळी अर्धीच भरली तर आकडा खोटा मोठा येतो. अशा रिपोर्टावर गोळी कमी झाली की व्हॉल्व्हवर गुठळी बसायला वाट मोकळी.

घरच्या घरी तपासणी आणि डोस हा प्रकार रुजला तो जर्मनीत. १९८६मध्ये बाड बेर्लेबुर्ग इथे कारोला हालहुबर या डॉक्टरबाईंनी पेशंटना तपासणी आणि डोस दोन्ही शिकवायला सुरुवात केली. तेव्हाची यंत्रं आजच्यासारखी खिशात मावणारी नव्हती. यात दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत करू नये : घरी फक्त तपासायचं आणि डोस डॉक्टरांना विचारायचा ही पहिली, दोन्ही आपणच करायचं ही दुसरी. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात २८ चाचण्यांमधले जवळपास नऊ हजार पेशंट एकत्र मोजले गेले. घरी तपासणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रकार सुमारे चाळीस टक्के कमी. मोठे रक्तस्राव कमी झाले नाहीत, पण वाढलेही नाहीत. मृत्यू कमी दिसले ते दुसऱ्या पायरीवरच्यांत, म्हणजे डोसही स्वतः ठरवणाऱ्यांत; नुसतं तपासणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. मला हा सबंध विषयातला सगळ्यात बोलका निकाल वाटतो. आकडा मिळणं ही अर्धीच गोष्ट. त्यावरून निर्णय घेता येणं ही पुरी.

लगेच टाळ्या वाजवण्याआधी दुसरी बाजूही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरची २९२२ पेशंटची चाचणी २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. घरी दर आठवड्याला तपासणारे एकीकडे, चांगल्या क्लिनिकमध्ये महिन्याला एकदा तपासणारे दुसरीकडे. पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. क्लिनिक उत्तम असेल तर घरच्या तपासणीने फार काही वाढत नाही, असा याचा अर्थ. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्याला तालुक्याला जायला एसटी बदलावी लागते, रोज बुडवावा लागतो, आणि लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी मिळेपर्यंत डॉक्टर निघून गेलेले असतात, त्याच्या बाबतीत 'चांगल्या क्लिनिक'शी तुलना कुठली करणार? शिवाय हे सगळ्यांना रुचतंच असं नाही. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत विचारलेल्यांपैकी जेमतेम चौथाई लोक घरी तपासायला तयार झाले होते. ज्याला नको त्याच्यावर लादू नये.

पाश्चात्त्य देशांत या गोळीवरचा नेहमीचा पेशंट म्हणजे सत्तरीचा, हृदयाचे ठोके अनियमित असलेला माणूस. त्याला आता नव्या गोळ्या मिळाल्या आहेत, ज्यांना आयएनआर लागत नाही, म्हणून तिकडे हा विषय मागे पडतो आहे. आपला पेशंट वेगळा. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले. तो संधिवाताचा ताप व्हॉल्व्ह खाऊन गेला आणि पंचविशी-तिशीत छाती उघडावी लागली. नव्या गोळ्या त्याच्या कामाच्या नाहीत. धातूच्या व्हॉल्व्हवर त्यांतली डॅबिगॅट्रान देऊन पाहणारी चाचणी २०१२मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या हृदयात ठोके अनियमित झाले तर दुसरी नवी गोळी, रिव्हारोक्साबान, चालेल का, हे साडेचार हजारांवर पेशंटमध्ये तपासलं गेलं. २०२२मध्ये निकाल आला : जुन्याच गोळीवरचे लोक कमी दगावले. म्हणजे ज्यांना ही जुनी, कटकटीची गोळी जन्मभर सोडता येणार नाही ते मुख्यतः आपल्यासारख्या देशांतले तरुण आहेत. आणि २०१२मध्ये अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात घरच्या तपासणीचा सर्वांत जास्त फायदा दिसला तो पंचावन्नच्या आतल्यांना आणि धातूचा व्हॉल्व्ह असलेल्यांना. ज्यांना हे सगळ्यात उपयोगी, त्यांच्यापर्यंतच ते पोचलेलं नाही.

भारताने स्वस्त व्हॉल्व्ह करून दाखवला. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी तीन नमुने फसल्यावर चौथा जमवला आणि डिसेंबर १९९०मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. परदेशी व्हॉल्व्ह परवडत नसलेल्या लाखभर लोकांच्या छातीत आजवर तो बसला आहे. त्या व्हॉल्व्हला जन्मभर जी राखण लागते, तिच्याबाबतीत मात्र आपण असं काही केलं नाही. ऑपरेशन सरकारी योजनेतून होतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या तपासण्या बहुतांशी घरच्या पैशातून. घरी तपासायचं मशीन हजारोंच्या घरात जातं आणि दर तपासणीला लागणाऱ्या पट्टीला लॅबच्या एका तपासणीइतके किंवा जास्तच पैसे पडतात. साखरेच्या पट्टीसारखी ही पट्टी गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

मशीन वापरायला अवघड नाही. हात कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडे करायचे, हात थोडा वेळ खाली लोंबू द्यायचा, म्हणजे बोटात रक्त उतरतं. पट्टी आधी मशीनमध्ये घालून ठेवायची. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं. पहिलाच टपोरा थेंब पंधरा सेकंदांच्या आत पट्टीला लावायचा. बोट पिळून-पिळून काढलेलं रक्त चालत नाही, त्यात पाणी उतरतं आणि आकडा फसतो. मिनिटभरात स्क्रीनवर आयएनआर येतो. तो आला की आधी वहीत लिहायचा, मग विचार करायचा.

पण स्क्रीनवर आलं म्हणजे खरंच असं नाही. रिव्हारोक्साबानच्या सर्वांत गाजलेल्या चाचणीत जुन्या गोळीवरच्यांचा आयएनआर ज्या घरगुती मशीनवर मोजला गेला, ते मशीन काही पेशंटमध्ये आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं असं पुढे उघड झालं आणि ते बाजारातून गेलं. २०१८मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पट्ट्या उलट कारणासाठी, म्हणजे आकडा जास्त दाखवतात म्हणून, अमेरिकेत परत मागवल्या गेल्या. म्हणून सहा महिन्यांतून एकदा मशीनचा आणि लॅबचा आकडा एकाच दिवशी ताडून पाहायचा, आणि साडेचारच्या वर काही आलं तर मशीनवर न जाता लॅबमध्ये खात्री करून डॉक्टरांना फोन लावायचा. रक्त फार कमी असेल, हिमोग्लोबिन आठच्या खाली, तर मशीनवर विसंबता येत नाही. आपल्या बायकांच्या बाबतीत ही अट पुस्तकी नाही.

इथेच लेखिकेशी माझं पटत नाही. त्यांचा जीव मशीनवर आहे. स्वतःच्या मशीनने त्यांना नोकरी करता आली, सहली काढता आल्या. मला वाटतं, मशीन नसलेल्या माणसालाही या पुस्तकाचा तीन-चतुर्थांश भाग तसाच लागू आहे. तालुक्याच्या एकाच लॅबमध्ये दर वेळी जाणं, रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं, शंभर पानी वहीत तारीख, आकडा, आठवड्याची बेरीज आणि "या पंधरवड्यात वेगळं काय झालं" असा चौथा रकाना ठेवणं, हे करायला पट्टी लागत नाही. तो चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या आग्रहावरून त्यांनी वहीचं प्रकरण वाढवलं, तरी ते मशीनच्या प्रकरणानंतर ठेवलं. मी पुढे ठेवलं असतं.

चौथ्या रकान्यात काय येतं? एक म्हणजे ताट. "पालेभाजी बंद" असं पेशंटला सर्रास सांगितलं जातं, आणि मेथी, पालक, शेपू, शेवग्याचा पाला ज्या घरात आठवड्यातून चारदा होतो तिथे हा सल्ला टिकणारच नाही. टिकू नयेही. खा, पण सारखं खा. घोटाळा होतो तो थंडीत बाजारात हरभऱ्याचा पाला आणि मेथी स्वस्त झाली की, किंवा काही घरांत श्रावणात पालेभाजी सोडली की. भाजी वाढली की आकडा उतरतो, सुटली की चढतो. ज्याच्या वहीत "श्रावण सुरू" अशी नोंद आहे तो घाबरत नाही.

दुसरं म्हणजे औषधं. जुलाब लागले म्हणून गावातल्या दवाखान्यात मेट्रोनिडाझोल मिळतं आणि पाच दिवसांत आयएनआर दुपटीवर जातो. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट करतं; गोळी कितीही वाढवा, आकडा चढत नाही, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर वाढवलेला डोस तसाच राहिला तर महिन्याभरात रक्तस्राव. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामकं पोटात जखम करतात. काढे, चूर्ण, मालिशवाल्याने दिलेली पुडी, सगळं वहीत. आणि "एक सुई मारा ना डॉक्टर" हा आपला लाडका आग्रह या पेशंटने कायमचा सोडावा, कारण खुब्यात दिलेल्या इंजेक्शनने स्नायूत रक्त साठून मांडी टरारून फुगते. दात काढायचा असेल तर स्वतःहून गोळी बंद करायची नाही, आधी विचारायचं. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, हॉस्पिटल गाठायचं.

घरी सांभाळायचं म्हटलं की घर कसं आहे हाही प्रश्न येतो. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत मला हे फार जाणवतं. छातीवरची खूण ब्लाउजखाली झाकता येते, पण व्हॉल्व्हची गोष्ट सासरी सांगितलेली नसते, किंवा "लहानसं ऑपरेशन झालं होतं" एवढीच सांगितलेली असते. गोळ्यांची पट्टी कपड्यांच्या घडीत असते आणि रोज संध्याकाळी सातला ती काढायला निमित्त शोधावं लागतं. पाळी दहा-दहा दिवस चालते, अंगातलं रक्त उतरतं, ते कुणाला सांगायचं? दिवस गेले तर खरा पेच. ही गोळी गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला अपाय करू शकते, म्हणून कुणीतरी ती बंद करायला सांगतं, आणि बदली इंजेक्शन न देता बंद झाली तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी बसते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांना कळवणं, आणि खरं तर मूल हवं असा विचार सुरू झाल्यापासूनच त्यांच्याशी बोलणं, याला पर्याय नाही. लेखिकेने हे प्रकरण सासू आणि नवऱ्याला उद्देशून लिहिलं आहे. पेशंटला उद्देशून नाही. वाचताना मी थांबलो. वीस वर्षं प्रॅक्टिस करूनही मला हे सुचलं नव्हतं.

पुस्तक एका बैठकीत वाचायचं नाही. सुरुवातीला एक कोरा तक्ता छापला आहे, तो पेनाने भरा : व्हॉल्व्ह कुठला आणि कोणत्या जागी, ऑपरेशनची तारीख, गोळीचं नाव आणि ती किती मिलिग्रॅमची, आठवड्याची बेरीज, तुमचा आयएनआर किती ते किती असायला हवा, आणि रात्री-अपरात्री लागला तर लावायचा नंबर. गोळीचा रंग लिहायलाही जागा आहे; एक आणि चार मिलिग्रॅमच्या गोळ्यांची अदलाबदल मेडिकलच्या काउंटरवर होते, घरी आल्यावर आधी पट्टीवरचा आकडा वाचा. यातला एखादा रकाना भरता आला नाही तर पुढच्या भेटीला पुस्तक बरोबर न्या आणि तो डॉक्टरांकडून भरून घ्या.